जोड्या लावू नका

मी चौतीस वर्षं सरकारी खात्यात आवक-जावक कारकून होतो. हे मी मिरवून सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते अधिकारवाणीने लिहिणार आहे, एवढं कळावं म्हणून सांगतो. माझ्या टेबलावर उजव्या हाताला आवकेचं रजिस्टर असे आणि डाव्या हाताला जावकेचं. दोघांत अंतर दीड वितीचं. मधल्या जागेत चहाचा कप. चौतीस वर्षांत अनेक साहेब आले आणि गेले. त्यांतल्या दोघांना सुधारणा करण्याची भयंकर खोड होती. एकाने तर संडासाच्या दारालाही जावक क्रमांक देववला होता. पण ही दोन रजिस्टरं एकत्र शिवून टाकावीत असं त्यांच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. ते सुचायला संगणक यावा लागला, आणि माझा भाचा मोठा व्हावा लागला.

भाच्याची रामदासपेठेत नोकऱ्या मिळवून देणारी एजन्सी आहे. नागपूरकराला रामदासपेठ काय आहे ते सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की सेंट्रल बाजार रोडवर डोळे मिटून दगड भिरकावला तर तो डॉक्टरच्या पाटीला लागतो, आणि कुणाला जखम झालीच तर टाके घालायला दुसरा डॉक्टर समोरच्याच माडीवर असतो. एवढी हॉस्पिटलं म्हटल्यावर त्यांना नर्सेस लागणार, वॉर्डबॉय लागणार, काउंटरवर बसून 'आधी पैसे भरा' म्हणायला गोड आवाजाच्या मुली लागणार. ही माणसं भाचा पुरवतो. त्याचं ऑफिस एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली रक्त घेतात आणि वर बायोडाटा घेतात. पुष्कळ लोक चुकीच्या मजल्यावर जातात, पण दोन्हीकडे आधी नाव, वय आणि फोन नंबरच विचारत असल्यामुळे बराच वेळ कुणाच्या लक्षात येत नाही.

निवृत्त झाल्यावर सकाळी लेंड्रा पार्कात फेऱ्या मारून झाल्या की दिवसभर करायचं काय, हा प्रश्न मला पडला. खरं म्हणजे तो आमच्या सौभाग्यवतींना पडला. त्यांनीच मला भाच्याकडे पाठवलं. ज्यांना संगणकावर अर्ज भरता येत नाही त्यांचे अर्ज भरून देणं, हे माझं काम. बिनपगारी. चहा आणि शनिवारी तर्री-पोहे.

तर, भाच्याकडे दोन सॉफ्टवेअरं होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. भांडण कंपनीशी नाही. एकाचं नाव एटीएस, म्हणजे अर्जदारांचा माग ठेवणारं. ताडोब्यातल्या वाघाच्या गळ्यात पट्टा अडकवून तो आता कुठे आहे ते जसं पाहतात, तसंच हे: अर्ज आला, छाननी झाली, मुलाखत झाली, घेतला किंवा नाकारला. दुसऱ्याचं नाव सीआरएम. म्हणजे गिऱ्हाइकाशी नातं सांभाळणं. आमच्या घरात माझ्या बहिणीशी नातं सांभाळायचं काम चाळीस वर्षं हीच करते आहे आणि तेही सॉफ्टवेअरशिवाय, पण धंद्यात म्हणे तसं जमत नाही. कुठल्या डॉक्टरने कधी फोन केला, किती माणसं मागितली, बिल दिलं की नाही, वाढदिवस कधी, सगळं त्यात. जगात ही नातेवाईक सॉफ्टवेअरं फार वर्षांपासून आहेत. सेल्सफोर्स नावाची अमेरिकेतली मोठी कंपनी तर १९९९ साली या एकाच कामासाठी निघाली.

आता न्यायाने बोलायचं तर भाच्याची अडचण खरी होती. एखाद्या हॉस्पिटलला दोन नर्सेस हव्या असल्या की तो मजकूर आधी सीआरएममध्ये लिहायचा, मग तोच पुन्हा एटीएसमध्ये टाकायचा. मुलगी रुजू झाली की एटीएसमध्ये लिहायचं, मग बिल काढण्यासाठी तेच परत सीआरएममध्ये. गिऱ्हाइकाने फोन करून 'काय झालं माझ्या माणसांचं?' म्हणून विचारलं की विक्री पाहणारा मुलगा माणसं निवडणाऱ्या मुलीकडे धावत जाणार, आणि ती नेमकी जेवायला गेलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, एका दवाखान्याने चार महिन्यांचं बिल थकवलं होतं. ते सीआरएमला ठाऊक होतं, एटीएसला नव्हतं. त्यामुळे इकडे वसुलीची पत्रं जात होती आणि तिकडे त्याच पत्त्यावर ताजी ताजी माणसं जात होती.

"मामा, डबल एन्ट्री करून करून पोरी थकून राहिल्या आहेत," भाचा म्हणाला. "दोन्ही एकदा जोडून टाकले नं, की कटकटच संपते."

मी म्हटलं, "जोड बापा." हा माझा गुन्हा. तो कबूल करून पुढे जातो.

जोडायला एक मुलगा आला. पाठीवर पोतं, कानात बोंडं. त्याने पडद्यावर दोन रकाने उघडले. डावीकडे एटीएसमधली नावं, उजवीकडे सीआरएममधली. मग तो डावीकडून उजवीकडे रेघा ओढू लागला. मला एकदम चौथीच्या पेपरातला 'जोड्या लावा' हा प्रश्न आठवला. त्या प्रश्नात माझे नेहमी दोन गुण जात. या मुलाचे किती गेले ते आम्हाला पुढे कळलं. 'उमेदवाराचं नाव' त्याने 'संपर्क व्यक्ती'ला जोडलं. 'अपेक्षित पगार' हा 'अपेक्षित सौदा' या रकान्याला जोडला. 'सध्या कुठे नोकरीला' हे 'गिऱ्हाईक संस्था' याला जोडलं. आणि खाली एक चौकट होती: जोडणी एकाच दिशेने हवी की दोन्ही दिशांनी? त्याने भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "दोन्हीकडून करून टाका नं, भाऊ. पैसे तर सारखेच आहेत."

आमच्याकडे पैसे सारखे असले की माणूस मोठंच माप घेतो.

पहिला अनुभव मलाच आला. अर्ज भरायचा सराव म्हणून मी एकदा माझंच नाव घातलं होतं. अपेक्षित पगार पंधरा हजार. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "सर, आपण निर्णय घेणारी व्यक्ती आहात का?" मी खरं ते सांगितलं, की ती व्यक्ती भाजी आणायला गेली आहे. संध्याकाळी परत फोन. तो आमच्याच ऑफिसातून होता! विक्रीचा मुलगा माझ्यापासून सहा फुटांवर बसून मला फोन करत होता, कारण त्याच्या पडद्यावर मी पंधरा हजारांचा सौदा म्हणून चमकत होतो. पुढे आठवडाभर मला सणाच्या शुभेच्छा, 'आपल्या संस्थेसाठी कुशल मनुष्यबळ' आणि एक सवलत अशी तीन पत्रं आली. माझी संस्था म्हणजे दोन खोल्या आणि एक कूलर.

दुसरा अनुभव एका सर्जनसाहेबांना आला. ते भाच्याचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी वॉर्डबॉय मागितला होता. दोन्ही दिशांनी जोडल्यामुळे डॉक्टरसाहेब सीआरएममधून निघून एटीएसमध्ये उतरले आणि ज्या जागेसाठी त्यांनी माणूस मागितला होता त्याच जागेच्या अर्जदारांत जाऊन बसले. जागा भरली गेली आणि उरलेल्या सगळ्या अर्जदारांना नियमाप्रमाणे नकाराचं पत्र गेलं. 'वॉर्डबॉय या पदासाठी आपल्या पात्रतेचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला. खेद वाटतो की...' डॉक्टरसाहेबांनी फोन केला. ते रागावले नव्हते. त्यांना फक्त कारण हवं होतं. "तीस वर्षं याच लाइनीत आहे हो," म्हणाले, "कुठे कमी पडलो?"

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. आम्ही हसलो, डॉक्टर हसले, त्यांनी ते पत्र केबिनमध्ये फ्रेम करून लावलं म्हणतात. हा लेख इथेच संपला असता तर बरं झालं असतं.

त्याच सुमाराला एक सिस्टर माझ्याकडे अर्ज भरायला आली होती. रामदासपेठेतल्याच एका हॉस्पिटलात नोकरीला. घर पार हिंगण्याच्या पुढे. बारा तासांची ड्यूटी, दोन बस, आणि घरी सहा वर्षांचा मुलगा. तिला दिवसपाळीची, जरा घराजवळची नोकरी हवी होती. 'सध्या कुठे नोकरीला' या रकान्यापाशी ती थांबली. म्हणाली, "काका, हे लिहिलंच पाहिजे का?" मी म्हटलं, "लिहावं लागतं. त्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही." ती म्हणाली, "मग लिहा. पण तिथे कोणाले सांगू नका." मी हसून म्हटलं, "अहो, मी आवक-जावकचा माणूस आहे. माझ्याकडून कागद बाहेर जायचा तर आधी क्रमांक पडतो."

वाचकहो, त्या रकान्याची रेघ कुठे ओढली गेली होती ते तुम्हाला आठवत असेल. मला त्या वेळी आठवलं नाही.

सिस्टर एटीएसमध्ये शिरली आणि तिच्या हॉस्पिटलच्या खात्यावर, सीआरएममध्ये, 'संपर्क व्यक्ती' म्हणून प्रकट झाली. कारण ते हॉस्पिटल भाच्याचं गिऱ्हाईक होतं. रामदासपेठेत हॉस्पिटलं एवढी, एजन्सी एवढ्याशा. नोकरी शोधणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचा आजचा मालक हा एजन्सीचा आजचा गिऱ्हाईक असणारच. महिनाअखेरीस सीआरएमने आपलं नातं सांभाळलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नम्र पत्र गेलं: 'आमच्याकडे आपल्या संस्थेच्या पुढील व्यक्तींची नोंद आहे. यादी तपासून काही बदल असल्यास कळवावे.' यादीत तीन नावं होती. तिन्ही सिस्टर.

तिला काढलं नाही. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात तिला सगळ्या रात्रपाळ्या लावल्या. उरलेल्या दोघींनाही.

ती ऑफिसात आली तेव्हा मी एकटाच होतो. भांडली नाही. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. "काका, मी तुम्हालेच सांगितलं होतं नं?" एवढंच म्हणाली आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेली. चौतीस वर्षांत मला तीन मेमो मिळाले. तिन्ही मिळून या वाक्याएवढे जड नव्हते.

संध्याकाळी भाच्याशी माझं भांडण झालं. ते मी इथे लिहितो आहे, कारण भाच्यासारखे लोक आता गल्लोगल्ली आहेत. त्यांचं म्हणणं एकच: माहिती ती माहिती, ती एकत्र असली की धंदा वाढतो. माझं म्हणणं असं की गिऱ्हाईक आणि अर्जदार ही एका जातीची माहितीच नाही. गिऱ्हाईक खुर्चीत मागे रेलून बसतो. अर्जदार खुर्चीच्या कडेवर बसतो. गिऱ्हाइकाने नंबर दिला तर तो मर्जीने देतो आणि वैताग आला की फोन आपटतो. अर्जदाराला आपटता येत नाही. नोकरी शोधणाऱ्या माणसाला अनोळखी नंबर कापायची सोयच नसते. जेवता जेवता उष्ट्या हाताने उचलतो, बसमधून उतरून उचलतो, दुकानात कामाला असेल तर मालकाची नजर चुकवून बाहेर पळत जाऊन उचलतो. आणि पलीकडून विचारतात, "सर, आरोग्य विम्याबद्दल दोन मिनिटं बोलू शकतो का?" जाहिरातीचे फोन नकोत म्हणून १९०९ नंबरवर नाव नोंदवता येतं, १४० आकड्यांनी सुरू होणारा नंबर दिसला की शहाणा माणूस ओळखतो. पण फोन जर तुम्ही स्वतः अर्ज दिलेल्या ऑफिसातूनच आला, तर ओळखणार कसा? गरजेपोटी दिलेला नंबर विक्रीच्या वहीत जाणं, याला मी धंदा म्हणत नाही. भाच्याला मी जो शब्द वापरला तो त्याच्या आईसमोर वापरला नसता.

"मामा, तुम्ही जुन्या जमान्यातले," भाचा म्हणाला.

आहेच. जुन्या जमान्यात मी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं होतं. ही कार्यालयं १९४५ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावायला निघाली. पुढे १९५९च्या कायद्याने पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी मालकांनाही रिकाम्या जागा तिथे कळवणं भाग पडलं. कळवणं, बरं का; तिथलाच माणूस घ्यावा असं बंधन नव्हतं, आणि मालक ते अक्षरशः पाळत. मला तिथून एक कार्ड मिळालं. ते कार्ड वेळोवेळी नवं करायला मी रांगेत उभा राहत असे. त्या कार्यालयाने मला नोकरी दिली नाही, हे खरं. पण त्याने मला प्रेशर कुकरही विकला नाही. माझं नाव कुठल्याही कुकरवाल्याला कळवलं नाही. मी दुसरीकडे प्रयत्न करतो आहे हे, ज्या दुकानात मी तेव्हा हिशेब लिहीत होतो त्या शेटजींना कळवलं नाही. त्या कारकुनाला आळशी म्हणून मी शिव्या घातल्या होत्या. आज त्याचा आळस मला सज्जनपणा वाटतो.

आणि नव्या जमान्यातही जोडणी हा काही धर्म नाही. नोकरी डॉट कॉम १९९७ साली निघालं. त्याच कंपनीचं लग्न जुळवणारं जीवनसाथी आहे, घरं दाखवणारं नाइन्टीनाइन एकर्स आहे, कॉलेजं दाखवणारं शिक्षा आहे. मध्यमवर्गीय माणसाचं अख्खं आयुष्य एका छताखाली! पण दुकानं चार आहेत आणि पाट्या चार आहेत. कुठल्या दारातून कशासाठी आत जातो आहोत ते माणसाला बाहेरूनच वाचता येतं. माझी तक्रार आहे ती पाटी एक ठेवून आतली भिंत पाडणाऱ्यांबद्दल.

कायदाही हेच म्हणतो, हे मला भाच्यानेच दाखवलं, मला गप्प करायला म्हणून कायदा शोधायला गेला आणि त्याचाच पंचा झाला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या सहाव्या कलमात सांगितलं आहे की संमती ज्या कामासाठी दिली त्या कामापुरतीच, आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. खाली उदाहरणही दिलं आहे: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधले सगळे नंबर पाहायची परवानगी मागितली आणि तुम्ही 'हो' म्हटलंत, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची, कारण सल्ला द्यायला तुमच्या मेहुण्याचा नंबर लागत नाही. मेहुणा माझा शब्द, बाकी कायद्याचं. याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि त्यांतही मुख्य गोष्टी लागू व्हायला दीड वर्षाची सवड ठेवली. कायद्याची आवक झाली आहे, जावक व्हायची आहे.

"म्हणजे अजून वेळ आहे नं," भाचा म्हणाला.

यावर मी दोन दिवस ऑफिसात गेलो नाही. तर्री-पोह्यांचा शनिवार होता, तरीही.

तोडगा शेवटी आमच्या प्लंबरने काढला. त्याला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही. तो आमच्या घरी उन्हाळ्याच्या आधी कूलरच्या पाण्याची लाइन जोडायला आला होता. पिण्याच्या नळातूनच कूलरला लाइन दे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "देतो, पण मध्ये वॉल्व टाका लागेल जी. नाही तर कूलरचं हिरवं पाणी उलटं येते अन् तुमच्या माठात जाते." एकतर्फी वॉल्व. साठ रुपयांचा! मी तसाच रिक्षा करून भाच्याकडे गेलो.

आता आमच्याकडे जोडणी आहे, पण एकाच दिशेने. सीआरएममधून एटीएसमध्ये तीनच गोष्टी जातात: हॉस्पिटलचं नाव, किती माणसं हवीत, आणि बिल थकलं आहे का. बिल थकलं असेल तर लाल ठिपका लागतो आणि माणसं पाठवणं थांबतं. परत फक्त एक आकडा येतो, किती जण रुजू झाले. उमेदवाराचं नाव येत नाही, नंबर येत नाही. 'सध्या कुठे नोकरीला' हा रकाना आता कोरा ठेवला तरी अर्ज पुढे सरकतो. डबल एन्ट्रीचं म्हणाल तर बरीचशी वाचलीच. पोरी आता वेळेवर जेवतात. विक्रीच्या मुलाचं तोंड मात्र सुजलेलं आहे. त्याच्या पडद्यावरचे सौदे एका दिवसात निम्म्याने उतरले, त्यात मीही गेलो.

कान-बोंडं मुलगा मध्ये एकदा आला होता. एवढं चांगलं दुतर्फा काम केलं होतं ते का काढलं, असं विचारत होता. भाच्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

सिस्टरची रात्रपाळी अजून चालूच आहे. धंतोलीत एका डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसाची जागा निघते आहे, असं कानावर आलं आहे. दुपारी ती झोपलेली असते, म्हणून मी संध्याकाळी पाचनंतरच फोन करणार आहे. तिचं नाव संगणकावर घातलेलं नाही. घरून जुनी वही आणली आहे, तिच्यात लिहिलं आहे. पेन्सिलीने.